बालवाडीच्या वयात दूरची माणसं चित्रपुस्तकांतून कशी भेटवता?

चिंचबोर

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. नाशिकला आमच्या सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये मी शनिवारी संध्याकाळी मुलांना गोष्टी वाचून दाखवते, वयं साधारण ४ ते ८. ते बघून जवळच्या एका शाळेतल्या बाईंनी विचारलं की शिशुवर्गासाठी 'देशोदेशीची मुलं' असा आठवडा करायचाय, पुस्तकं सुचवाल का. बेत असा आहे की प्रत्येक वर्गाला एक देश, मग त्या देशाचा झेंडा, ड्रेस, एक डान्स आणि डब्यात एक खाऊ. जपानला किमोनो, आणि 'आफ्रिका' हा एक देश धरून त्याला पानांचे घागरे.

बाईंची कळकळ खरी आहे, त्यात शंका नाही. पण मला मनापासून वाटतं की चार-पाच वर्षांच्या मुलाला सण आणि पोशाख दाखवून दुसरं माणूस कळत नाही, त्याला ते फक्त नटलेलं दिसतं. त्याला कळतो तो दुसऱ्या मुलाचा हट्ट, भावाशी भांडण, हरवलेला मोजा, आईची हाक. म्हणजे अगदी साध्या दिवसाची गोष्ट. अमेरिकेत लुईझ डर्मन-स्पार्क्स ह्या बालशिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८९ सालीच ह्या सण-पोशाख पद्धतीला 'टूरिस्ट' अभ्यासक्रम म्हटलं होतं. पर्यटक येतो, फोटो काढतो, निघून जातो, आणि तिथली माणसं रोज काय करतात ते त्याला कधी दिसतच नाही.

मी काय वाचते ते सांगते म्हणजे मुद्दा कळेल. एझ्रा जॅक कीट्सचं 'द स्नोई डे' हे १९६२ चं अमेरिकन चित्रपुस्तक. पीटर नावाचा छोटा कृष्णवर्णीय मुलगा लाल कोट घालून बर्फात खेळायला जातो, पावलांचे ठसे काढतो, काठीने झाडावरचं बर्फ पाडतो, आणि घरी येताना बर्फाचा एक गोळा उद्यासाठी म्हणून खिशात ठेवतो. झोपायच्या आधी खिसा चाचपतो तर रिकामा! ह्या पानाला आमची मुलं एकदम उसळतात. "अरे फ्रीजमधे ठेवायचा ना!" "खिसा ओला झाला का?" "आई ओरडली असेल." ह्यातल्या एकानेही बर्फ पडताना पाहिलेलं नाही, पण गोळेवाल्याकडचा बर्फ हातात विरघळतो हे सगळ्यांना पाठ आहे. पीटर कुठला, त्याचं घर कुठे, तिकडे आपल्यासारखा पाऊस पडतो का, हे प्रश्न दुसऱ्या वाचनाला आले, आणि आपणहून आले. मी आधी नकाशा काढून बसले असते तर निम्मी मुलं उठून सायकलीवर गेली असती.

तर प्रश्न असे: मराठीत किंवा चित्रांवरून मराठीत सांगता येतील अशी साध्या दिवसाची पुस्तकं कुठली, कुठे मिळतात? आणि "हा इतका काळा का?" असं मूल मोठ्यांदा विचारतं तेव्हा तुम्ही काय सांगता?

जर्सीची_पाहुणी

अगदी अगदी! मी हे दुसऱ्या बाजूने बघते. इकडे न्यू जर्सीत ऑक्टोबर उजाडला की मुलीच्या शाळेतून मेल येतो, दिवाळीचं पुस्तक वाचायला याल का. मी जाते, आनंदाने जाते, पणत्या पण नेते. पण वर्षाचे बाकी अकरा महिने आम्ही त्या वर्गात नसतोच. लायब्ररीत भारतावरची चित्रपुस्तकं मागितली की दिवाळी, होळी, हत्ती, लग्न. मुलीला वर्गातल्या मित्राने विचारलं की तुझ्या आजीकडे हत्ती आहे का. आजी डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहते हो! ते पोर वाईट नव्हतंच, त्याला पुस्तकांनी जेवढं दाखवलं तेवढंच त्याला माहीत.

मला हवंय ते असं पुस्तक की ज्यात एका मुलीची शाळेची बस चुकते आणि त्या घरात सकाळी पोहे होतात. पोह्यांवर धडा नको, ते नुसते ताटलीत असावेत.

इथे ह्यावर खूप बोललं गेलंय. रुडीन सिम्स बिशप ह्या प्राध्यापक बाईंनी १९९० मधे लिहिलं की मुलांना पुस्तकांत आरसेही हवेत आणि खिडक्याही, म्हणजे स्वतःसारखं कोणी दिसायला हवं आणि दुसऱ्याचं घरही दिसायला हवं. त्या पुढे असंही म्हणतात की ज्या मुलांना सगळीकडे फक्त स्वतःचंच प्रतिबिंब दिसतं त्यांचंही नुकसान होतं. विस्कॉन्सिन विद्यापीठातलं बालपुस्तक केंद्र १९८५ पासून मोजणी ठेवतंय, पहिल्या वर्षी साधारण २,५०० नव्या पुस्तकांतली कृष्णवर्णीय लेखक-चित्रकारांची होती फक्त १८. आता आकडे बरेच सुधारलेत, पण ह्याच पुस्तकांवर वाढलेले लोक आज शिक्षक आहेत, आईबाप आहेत.

करडई

चिंचबोर, फार चांगला विषय. मी बालवाडीत आयुष्य काढलंय, आता निवृत्त. तुम्हाला एक गोष्ट सांगते, ती त्या शाळेतल्या बाईंनाही सांगा.

येला लेपमान नावाची जर्मन ज्यू बाई होती. हिटलरच्या काळात देश सोडून लंडनला गेलेली, १९४५ ला अमेरिकन सैन्याची सल्लागार म्हणून परत आली. बायका आणि मुलं ह्यांच्यासाठी काय करता येईल ते बघणं हे तिचं काम. तिने पाहिलं की मुलांना अन्न-औषध लागतंच, पण बारा वर्षं त्यांना जगाबद्दल विष पाजलंय, त्याचं काय? तिने वीस देशांना पत्रं लिहिली, की तुमच्या मुलांची उत्तम पुस्तकं पाठवा, आमच्याकडे द्यायला पैसे नाहीत. कोणाकडे मागतेय बघा, ज्यांची शहरं जर्मनीने उद्ध्वस्त केली त्यांच्याकडे! बेल्जियमने आधी नाही म्हटलं, दोनदा आमच्यावर चालून आलात म्हणून. तिने पुन्हा लिहिलं, की म्हणूनच तर हवीयेत. मग बेल्जियमनेही पाठवली. १९४६ मधे म्युनिकला प्रदर्शन भरलं, आणि १९४९ मधे तिथेच आंतरराष्ट्रीय बालग्रंथालय उघडलं, ते आजही चालू आहे.

अजून एक. फुलांचा वास घेत बसणाऱ्या, झुंजायला नकार देणाऱ्या स्पेनमधल्या बैलाचं 'फर्डिनांड' हे अमेरिकन पुस्तक तिने स्वतः जर्मनमधे आणलं आणि वर्तमानपत्राच्या कागदावर ३०,००० प्रती छापून घेतल्या. घरं पडलेली आणि पोटं रिकामी असताना!! मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप नाही लागली.

आपल्या पिढीचं म्हणाल तर आम्हाला परदेश दाखवला तो रशियन पुस्तकांनी. लोकवाङ्मय गृहाच्या प्रदर्शनात मॉस्कोत छापलेली, गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकं अगदी थोड्या पैशांत मिळायची. चहाचा समोवार, घसरगाडी, खोलीतली मोठी भट्टी, हे शब्द मला रशियाचा झेंडा ओळखता यायच्या कितीतरी आधी येत होते. सोव्हिएत युनियन १९९१ ला संपलं आणि ती पुस्तकं यायची थांबली. ज्यांच्या माळ्यावर असतील त्यांनी कृपा करून रद्दीत देऊ नका, नातवंडांना द्या.

शेवगा

वाचतोय. मुद्दे पटतात पण एक प्रामाणिक शंका, इतक्या लहान वयात हे सगळं कशाला? चार वर्षांच्या मुलाला अजून स्वतःची संस्कृती धड माहीत नाही, आधी आपले सण, आपल्या गोष्टी, ओव्या, बडबडगीतं पक्की होऊ देत की, मग आठव्या-नवव्या वर्षी जग दाखवा. आणि काही पुस्तकांत ताटात मासे, मटण असतं. आमच्या घरी चालत नाही, मुलाने विचारलं तर काय सांगू? मी वाद घालायला लिहीत नाहीये, खरंच विचारतोय.

तारपा_मास्तर

शेवगा, शंका रास्त आहे, पण 'आपली' कोणाची ते आधी ठरवावं लागेल. मी डहाणू तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे. माझ्या वर्गातली मुलं घरी वारली बोलतात. पहिलीला येतात तेव्हा पुस्तकातली मराठी त्यांना निम्मी परकी. पुस्तकातलं घर, पुस्तकातली आई, पुस्तकातला डबा, ह्यातलं काहीच त्यांचं नाही. त्यांना दुसरी संस्कृती मुद्दाम दाखवायची गरजच नाही, ती पहिल्या दिवसापासून त्यांच्या डोक्यावर असते. त्यांची संस्कृती मात्र इतरांना दिसते ती कपाच्या चित्रात नाहीतर हॉटेलच्या भिंतीवर. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे इथलेच, गंजाडचे, त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, पण पुण्या-मुंबईच्या किती मुलांना माहितीये की वारली पोरगं सकाळी उठून काय करतं? तारपा ह्या वाद्याभोवती गोल फिरणारी माणसं एवढंच माहीत.

त्यामुळे मला भज्जू श्याम ह्यांचं 'द लंडन जंगल बुक' फार मोलाचं वाटतं. भज्जूभाई मध्य प्रदेशातल्या पाटणगढचे गोंड चित्रकार, लंडनमधल्या एका हॉटेलच्या भिंती रंगवायला गेले. परत येऊन त्यांनी लंडन रंगवलं, चेन्नईच्या तारा बुक्सने २००४ मधे ते छापलं. त्यात बिग बेनचं घड्याळ म्हणजे मोठा कोंबडा, कारण दोघंही वेळ सांगतात. जमिनीखालून जाणारी रेल्वे म्हणजे गांडूळ. रोजची ३० नंबरची बस म्हणजे इमानी कुत्रा. विमान म्हणजे उडणारा हत्ती. आजवर साहेब येऊन आदिवासींची चित्रं काढायचा, इथे आदिवासी माणूस साहेबाच्या गावाकडे बघतोय, आणि प्रेमाने बघतोय.

पुस्तक तसं मोठ्यांचं, इंग्रजीत आहे, पण मी फक्त चित्रं दाखवून वारलीत-मराठीत सांगितलं. मग म्हटलं आता तुम्ही काढा. एका मुलाने डहाणू लोकल काढली, ती मुंग्यांची रांग म्हणून, प्रत्येक मुंगीच्या डोक्यावर टोपली. त्याची आई भाजीची टोपली घेऊन पहाटेच्या गाडीने जाते. हे त्याने ना माझ्याकडून घेतलं ना पुस्तकातून, बघायची हिंमत तेवढी पुस्तकाने दिली.

चिंचबोर

तारपा_मास्तर, तुमचा प्रतिसाद मी घरी सगळ्यांना वाचून दाखवला.

शेवगा, ओव्या-बडबडगीतं हवीतच, मी प्रत्येक तासाची सुरुवात त्यानेच करते. पण आठव्या-नवव्या वर्षापर्यंत थांबलो तर तोवर मूल रिकामं राहत नाही ना. टीव्ही, कार्टून, लग्नघरातल्या गप्पा, "उन्हात खेळू नको काळी होशील", हे सगळं आत जातच असतं. आपण गप्प बसलो तर त्याच्या कानावर फक्त तेवढंच पडतं.

ताटाबद्दल: मी ते पान उलटत नाही. "ते मासे खातात, त्यांच्या गावाला समुद्र आहे, तुझ्या घरी नाही खात", एवढं सांगितलं की मुलांचं समाधान होतं. माझ्या तासाला मासे खाणारी मुलंही बसलेली असतात. मी ते पान घाईने उलटलं तर त्यांना कळतं की आपल्या ताटात काहीतरी लपवण्यासारखं आहे. ते मला नको आहे.

आणि रंगाचं, माझाच प्रश्न होता पण काल पुन्हा विचारलं एकीने म्हणून लिहिते. "शू, असं नाही बोलायचं" हे उत्तर सगळ्यात वाईट, कारण त्यातून मूल शिकतं की काळं असणं म्हणजे न बोलण्यासारखं काहीतरी. मी सरळ सांगते की सगळ्यांच्या कातडीत मेलॅनिन नावाचा रंग असतो, कोणाकडे जास्त कोणाकडे कमी, तो उन्हापासून जपतो, पीटरच्या आईबाबांकडे जास्त आहे म्हणून पीटरकडे जास्त. मग सगळे हात गोलात पुढे करायचे. एकाही दोघांचे सारखे निघत नाहीत, आणि मुलांना तो खेळच वाटतो.

शाईबोट

मी मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढते, म्हणून चित्राच्या बाजूने लिहिते. पुस्तक घ्यायच्या आधी शब्द बाजूला ठेवा आणि फक्त माणसांचे चेहरे बघा. एका गावातली दहा माणसं दहा वेगळ्या चेहऱ्यांची आहेत का? १९३८ चं एक खूप खपलेलं अमेरिकन चित्रपुस्तक आहे पाच चिनी भावांचं, त्यात पाचही भाऊ एकसारखे आणि भोवतालचं गावसुद्धा त्याच चेहऱ्याचं. गोष्टीत भाऊ सारखे असणं गरजेचं आहे हो, पण गाव? चित्रकाराने माणसं पाहिलीच नाहीत असं ओरडून सांगतं ते पान.

दुसरं जुनं उदाहरण 'लिटल ब्लॅक सॅम्बो', १८९९. हेलन बॅनरमन ही स्कॉटिश बाई तेव्हा भारतात राहत होती, म्हणून गोष्टीत वाघ आहेत आणि त्या वाघांचं शेवटी तूप होतं! कल्पना भन्नाट आहे, मुलांना ती आवडणारच. पण नायकाचा चेहरा कृष्णवर्णीयांची टर उडवणाऱ्या त्या काळच्या व्यंगचित्रांसारखा, आणि ते नाव पुढे शिवीसारखं वापरलं गेलं. गोष्टीत दम आहे म्हणून चित्र माफ, असं मी म्हणणार नाही. चार वर्षांचं मूल गोष्ट विसरेल पण चेहरा विसरणार नाही.

उलट कीट्सचं बघा. पोलंडहून आलेल्या गरीब ज्यू घरातला, ब्रुकलिनमधे वाढलेला माणूस. ज्यूंबद्दलच्या द्वेषामुळे नाव बदलावं लागलेला. १९४० साली त्याने 'लाइफ' मासिकातून एका लहान कृष्णवर्णीय मुलाचे चार फोटो कापून ठेवले, त्या पोराचे हावभाव, अंगावरचे कपडे त्याला इतके आवडले. स्टुडिओत जपले आणि बावीस वर्षांनी त्यातून पीटर काढला. इतकं बघितलं की मग चेहरा खरा उतरतो. न्यूयॉर्क सार्वजनिक ग्रंथालयाने २०२० मधे जाहीर केलं की त्यांच्या १२५ वर्षांत सगळ्यात जास्त वेळा घरी नेलेलं पुस्तक हेच, 'द स्नोई डे'. साठच्या दशकात त्यावर टीका पण झाली होती, की पुस्तकात मुलगा कृष्णवर्णीय आहे असं कुठे म्हटलेलंच नाही. मला स्वतःला ते न म्हणणंच बरोबर वाटतं. पीटरला बर्फात खेळायला कारण लागत नाही.

आपल्याकडे लेखिका-चित्रकार माधुरी पुरंदरेंची चित्रं काढून बसा. ओट्यावरचं भांडं, दाराची कडी, आजीचा बसायचा ढब, सगळं पाहून काढलेलं. मराठी घर दुसऱ्या कोणाला दाखवायचं तर मी तेच पुढे करेन. @जर्सीची_पाहुणी, तुम्हाला हवे ते पोहे तिथे सापडतील असं वाटतं, ज्योत्स्ना प्रकाशनाकडे चौकशी करा.

मिरजेचा_बाबा

सगळे देशोदेशी फिरताय तर थोडं घराजवळचं. आमच्या मिरजेत सतारमेकर गल्ली आहे, पिढ्यान्‌पिढ्या सतार-तंबोरे करणारी शिकलगार घरं. माझा मुलगा पाच वर्षांचा, गल्ली घरापासून पायी जाण्यासारखी, पण तिथे कोण राहतं हे त्याला माहीत नव्हतं. ईदला शीरखुर्मा येतो तेवढंच. मुसलमान मुलाच्या साध्या दिवसाचं मराठी चित्रपुस्तक मी बरंच शोधलं, मनासारखं मिळेना. जे आहे ते पुन्हा सणाचंच.

मग आम्हीच केलं. ओळखीच्या कारागिरांना विचारून मुलाला घेऊन गेलो, मोबाईलवर फोटो काढले. पंढरपूर-सोलापूरकडून आलेले भोपळे माळ्यावर वाळत ठेवलेले असतात ते बघून त्याला वाटलं भाजीचं दुकान आहे. भोपळा कापतात, आतून साफ करतात, त्याला लाकडाची दांडी जोडतात, पॉलिश, मग तारा. त्यांचा नातू तिथेच होमवर्क करत बसलेला, दोघांची दोस्ती झाली. फोटो छापून, खाली दोन-दोन ओळी लिहून, दोऱ्याने शिवून पुस्तक केलं. त्यात 'हे मुसलमान आहेत' असं कुठे लिहिलं नाही. भिंतीवरच्या चित्रात काबा आहे, आजोबांच्या डोक्यावर टोपी आहे, मुलाने विचारलं तेव्हा सांगितलं. आता नातवाला पण एक प्रत दिलीये. फक्त परवानगी घेतल्याशिवाय कोणाचे फोटो काढू नका, आणि पुस्तक आधी त्यांना दाखवा, त्यांना नको असेल ते पान काढून टाका.

शेवगा

मिरजेचा_बाबा, हे आवडलं. हे मी करू शकतो. आमच्या बिल्डिंगचे वॉचमन नेपाळचे आहेत, त्यांची मुलगी माझ्या मुलाच्याच वयाची. रविवारी बोलतो त्यांच्याशी.

चिंचबोर

अपडेट द्यायला आले. शाळेतल्या बाईंना भेटले, करडईताईंची लेपमानची गोष्ट सांगितली, त्या गप्प होऊन ऐकत होत्या. पानांचे घागरे रद्द. झेंडे राहणार, पालकांना आवडतात म्हणे, असू देत. पण आता प्रत्येक वर्गाला देशाऐवजी एक मूल मिळणार, म्हणजे एका पुस्तकातलं एक मूल, आणि आठवडाभर तेच पुस्तक रोज वाचायचं. नाच-गाण्याच्या जागी त्या मुलाने केलेलं काहीतरी करून बघायचं. आफ्रिकेसाठी अजून काही ठरत नाहीये. ५४ देशांतला एक निवडून तिथल्याच कोणी लिहिलेलं हवंय, आणि शाळेचं बजेट जेमतेम.

तारपा_मास्तर

बजेटची काळजी सोडा. प्रथम बुक्स ह्या प्रकाशनाची स्टोरीवीव्हर ही साइट बघा, २०१५ पासून चालू आहे, सगळं फुकट आणि छापायला परवानगी असलेलं. तिथे 'आफ्रिकन स्टोरीबुक' ह्या उपक्रमातली पुस्तकं पण आहेत, केनिया, युगांडा, दक्षिण आफ्रिका वगैरे ठिकाणच्या लोकांनी आपल्या मुलांसाठी लिहिलेली. भाषा मराठी निवडा, पातळी १ किंवा २, एका पानावर एक-दोन ओळी असतात. मराठीत नसेल तर इंग्रजीवरून तिथेच तुम्ही स्वतः मराठी करून टाकू शकता, मग ते बाकीच्या शाळांनाही मिळतं. लेखकाचं नाव पुस्तकात असतं, ते मुलांना वाचून दाखवाच. अरविंद गुप्तांच्या साइटवर पण हिंदी-मराठी चित्रपुस्तकांचा मोठा साठा आहे, फर्डिनांड तिथे शोधा.

छापताना पीडीएफ उतरवून घ्या, ए-फोर आडवं, रंगीतच काढा, काळ्या-पांढऱ्यात चेहरे नुसते काळे डाग येतात. आम्ही तालुक्याला एकदम काढून आणतो, पानं पुठ्ठ्यावर चिकटवतो आणि कडेला भोकं पाडून सुतळी ओवतो. दोन प्रती करा, एक वर्गात राहते, एक रोज एका मुलाच्या दप्तरातून घरी जाते.